गो-नोगो

रात्रीचा स्लॉट कुणी घेत नाही, म्हणून मी घेते.
पाषाणला तेव्हा आवारातले मोरसुद्धा गप्प.
इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीत पंपाची घरघर
आणि मी, मे महिन्यात, स्वेटर घालून.

पडद्यावर जिवाणू. कडेकडेनं सुया.
सुई म्हणजे सुईच: आतून पोकळ,
इतकी बारीक, की ओवताना थुंकी लावून
दोऱ्याचं टोक वळतात
तसं प्रथिनाला आपली सगळी घडी मोडून
तिच्यातून जावं लागतं.

लांबी अठ्ठावन्न नॅनोमीटर. थोडं मागंपुढं.
शंभर मोजल्या. दोनशे मोजल्या.
तेवढंच.

ना डोळा, ना मेंदू, ना शिफ्टचा सुपरवायझर.
मग हे मोजतं कोण?

सव्वीस अंशांवर ही काहीच बांधत नाही.
गुमान खाते, दुभागते.
सदतीसवर ठेवली,
म्हणजे कुणाच्या तरी अंगाची ऊब लागली,
की कामाला लागते.
दोन्ही पडद्यांत कडी बसवते, कड्यांच्या तळाशी दार,
मग सुईचे कण, एकेक, पोकळीतूनच वर सरकत;
नवा कण नेहमी टोकावर.
तोवर दार विष सोडत नाही.
भरून ठेवलेलं असलं तरी नाही.

(हिच्या चुलत बहिणीनं एकेकाळी
याच शहरातल्या पेठा ओस पाडल्या.
लॅबमधली ही त्या मानानं गरीब. फार तर पोट बिघडवते.)

पोकळीत एक लांब, बारीक प्रथिन उतरतं. आम्ही त्याला पट्टी म्हणतो.
पट्टी पुरेनाशी झाली
की ती दाराला सांगते, बास.
कसं सांगते, ते मला विचारू नका.
दार मात्र त्यानंतर
सुईचे कण घ्यायचं बंद करतं, कायमचं.

चौदा नंबरच्या वाणातून मी पट्टीचं जनुक काढलं.
आठ महिने गेले त्यात.
त्या रात्री पहिला फोटो आला
आणि मी खुर्ची मागं सरकवली:
न विंचरलेल्या केसांसारख्या सुया,
काही चौकटीबाहेर गेलेल्या,
एकीचं टोक शोधत मी तीन फोटो सरकले.
सगळी मेहनत लांबीत.
विषाचा थेंब नाही.

रविवारी भोसरीला गेले. पप्पा चहा गाळत होते,
हात थरथरतो म्हणून गाळणी पातेल्यावर टेकवून.
तेहतीस वर्षं टूलरूममध्ये, इन्स्पेक्शनला.
शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक गेज;
आई कपडे भिजवताना रोज आधी ते काढायची.
एक टोक भोकात गेलंच पाहिजे,
दुसरं गेलं तर जॉब रिजेक्ट.

मोबाइल त्यांच्यापुढं धरला. काही सांगितलं नाही.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून, डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं.
"मटेरियल चांगलंय," म्हणाले.
"मशिनही चालूये.
गेज काढून घेतलंय कुणीतरी."

आठ महिने, पप्पा.

"आणि काम झाल्यावर ती पट्टी? आतच राहते?"
नाही, सुईतूनच बाहेर फेकली जाते.
"दर सुईला नवी?"
एकच पुरते की बऱ्याच लागतात,
यावर अजून आमच्यात भांडणं आहेत.

ते बराच वेळ चहा ढवळत राहिले, साखर नसलेला.
कंपनी बंद झाली त्या आठवड्यात
गेटवर त्यांच्या खिशाची झडती झाली होती.
गेज कंपनीचं होतं.

"बाहेर टाकते," म्हणाले,
"पण आधी माप घेते ना."

परतीच्या बसमध्ये वही काढली, नाशिक फाट्यापर्यंत
चौदा नंबरसमोर काय लिहावं ते सुचलं नाही.
मग लिहिलं: थांबत नाही.
खाली तारीख.